तापमान डहाणूचं, ऊन तलासरीचं

मुंबईच्या बातम्यांत तापमान सांगताना कुलाबा, सांताक्रूझ झालं की कधीमधी डहाणूचाही आकडा येतो. हवामान खात्याची वेधशाळा तिथे आहे. पालघर जिल्ह्याच्या वरच्या टोकाला किती उकडतंय, हे बाकीच्यांना कळतं ते डहाणूवरून. जून २०१८मध्ये माझी बदली डहाणूहून तलासरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत झाली, तेव्हा घरात सगळ्यांनी एकमेकांची समजूत घातली ती त्याच आकड्याच्या भरवशावर. जेमतेम तीसेक किलोमीटर तर जायचंय, हवापाणी तेच.

हवा ती नव्हती. पाणी तर नव्हतंच.

मी मूळची बार्शीची. डी.एड. करून २०११ साली नोकरीला लागले तेव्हा हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. बार्शीचं ऊन कडक, पण कोरडं. बेचाळीस अंशांतही लिंबाच्या सावलीत गेलं की जिवात जीव यायचा, आणि माठातलं पाणी दाताला लागायचं. डहाणूत पहिल्याच उन्हाळ्यात मी बार्शीचा माठ नेऊन ठेवला. पाणी काही गार होईना. हवेतच एवढी वाफ, की माठाबाहेर झिरपलेलं पाणी उडून जायला तयार नसायचं. माझ्या अंगावरच्या घामाचीही तीच गत. घरमालकीण मांगेला समाजातली, वयस्कर. त्या माझी धडपड बघून म्हणाल्या, "पोरी, इथे घाम पुसायचा नाय. वारा येईल, तो पुसतो."

वारा यायचा, आणि वेळेवर यायचा. आम्ही डहाणू गावात पारनाक्याच्या बाजूला राहायचो. सकाळी दहा-अकरापर्यंत पान हलायचं नाही. मग किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांतून आवाज सुरू व्हायचा आणि पंधरा-वीस मिनिटांत घर राहण्याजोगं व्हायचं. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असा धडा असतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री उलट. डहाणूच्या वर्गात हा धडा शिकवायला मला खिडकी पुरायची. खाडीपलीकडच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी पावणेतीनशे मीटर उंच आहे, गावातून कुठूनही दिसते. तिचा धूर सकाळी समुद्राकडे झुकलेला असायचा, दुपारी डोंगराकडे. पोरं धुराकडे बघून धडा पाठ करायची. ही चिमणी म्हणजे खरं तर गावाचा जुना वाद. २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरला, उद्योगांवर बंधनं आली, म्हणून चिकूच्या वाड्या टिकल्या. आणि त्याच तालुक्यात मुंबईच्या उपनगरांसाठी कोळशावरची वीज तयार होत राहिली. माझ्यापुरतं सांगायचं तर मला इतकं मोठं वातकुक्कुट पुन्हा मिळालं नाही.

डहाणूतला सगळ्यात वाईट काळ मे नव्हे, मार्च. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. मेमध्ये पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे फारसा जात नाही, कारण खारे वारे जोरात असतात. मार्चमध्ये काही दिवस जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा इतका जोर धरतो, की समुद्राचा वारा दुपारी दोन-अडीचपर्यंत आत शिरूच शकत नाही. तेवढ्या वेळात पारा चाळिशीला टेकतो. मुंबईचंही तसंच. सांताक्रूझचा मार्चमधला उच्चांक, ४१.७ अंश, नोंदला गेला तो २८ मार्च १९५६ला. परीक्षा नेमक्या तेव्हा जवळ आलेल्या असतात. सराव घेताना मी पोरांपेक्षा जास्त वेळ सुरूकडे बघत असायचे.

बाकी डहाणूत दिवस सोपे होते. २०१३ साली विरारहून लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि यजमानांची बोईसरच्या कारखान्याची ये-जा मार्गी लागली. सकाळी घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतले चिकू यायचे, संध्याकाळी बंदरावरची मासळी. मी बार्शीची, घरात मासे शिजवणं माहीत नव्हतं. चार वर्षांत बोंबलाचं कालवण जमायला लागलं. मीठ मात्र कधीच मोकळं राहिलं नाही. खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवायचे आणि दर पावसाळ्यात ते पुन्हा तांबडे व्हायचे.

तलासरीला आल्यावर मीठ मोकळं झालं. मला आठवतं, पहिल्या दिवाळीच्या सुमाराला मी बरणी हलवली आणि मीठ खळखळलं, तेव्हा उगाच माहेरी आल्यासारखं वाटलं. नकाशावर सरळ रेघ मारली तर तलासरीपासून समुद्र पंधरा-वीस किलोमीटरच असेल. पण मध्ये टेकड्या आहेत, आणि वारा तेवढं चालून येईपर्यंत थकतो, तापतो. दुपारी चारच्या पुढे पोचला तर पोचला. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही एक साधा तापमापक टांगला होता. एप्रिल-मेमध्ये तो डहाणूच्या आकड्याच्या तीन-चार अंश वर असायचा आणि जानेवारीच्या पहाटे तितकाच खाली. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांतलं अंतर डहाणूत मी विसरून गेले होते.

पाऊस मात्र इथेही तसाच धो-धो. जूनमध्ये राब भाजून झालेले असतात, पहिल्या सरींनंतर बायका पाटीत शेवळं घेऊन बसतात, सोबत काकडं, नाहीतर शेवळांची खाज जात नाही. जुलैभर लावणी. सगळं रान इतकं भिजतं की उन्हाळ्यात इथे पाण्याची ओरड होत असेल हे खरं वाटू नये. पण खाली काळा दगड आणि वर उतार. पडलेलं पाणी थांबतंच कुठे? मार्च उजाडला की पाड्यावरच्या विहिरीत तळ दिसतो आणि हातपंपावर हंड्यांची रांग लागते. वर्गातल्या मुली उशिरा येऊ लागल्या की मी हजेरी दहा मिनिटं पुढे ढकलते. बार्शीत पाऊस कमी म्हणून टंचाई, हे मला कळत होतं. एवढा पाऊस पडून टंचाई, हे पचायला वेळ लागला.

आणि मग पहिल्याच हिवाळ्यात जमीन हलायला लागली.

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडी-दापचरीच्या आसपास, धक्के सुरू झाले. आधी जमिनीतून सुरुंग फुटल्यासारखा आवाज, मग भांड्यांची थरथर. धक्के लहान, पण जमिनीच्या फार खाली नसलेले, म्हणून आवाज मोठा. १ फेब्रुवारी २०१९ला दुपारी रिश्टर मापनावर चारहून मोठा धक्का बसला. हळदपाड्याला घराबाहेर पळताना दोन वर्षांची एक मुलगी पडली आणि गेली. त्यानंतर घरात झोपायला कुणी तयार होईना. प्रशासनाने तंबू दिले, काही ठिकाणी शाळा अंगणात भरल्या. आमचीही भरायची. पावसाचं पाणी खोल भेगांत मुरत जातं आणि तिथला दाब बदलून असे धक्के बसत असावेत, असा तज्ज्ञांचा एक तर्क आहे. तो ऐकून शेजारचे बाबा म्हणाले, "पाऊस वरून पडतो तेव्हा विचारत नाय, खालून कशाला विचारील?"

तंबूत झोपल्यावर तलासरीचा हिवाळा काय असतो ते कळलं. पहाटे दव इतकं पडायचं की कापड आतूनही ओलं लागायचं. पाड्यावर शेकोट्या पेटायच्या आणि म्हाताऱ्या माणसांचा खोकला रात्रभर एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जायचा. वारल्यांची जुनी घरं कुडाची : कारवीच्या काठ्या, त्यावर माती-शेणाचा लेप. ती धक्क्याबरोबर हलायची आणि पुन्हा उभी. भेगा पडल्या त्या विटा-सिमेंटच्या भिंतींना, ज्या लोकांनी कर्ज काढून, वीटभट्टीवर राबून बांधल्या होत्या. आमच्या भाड्याच्या घरालाही खिडकीपासून छतापर्यंत भेग गेली. माझे यजमान म्हणाले, डहाणूला परत जाऊ. डहाणूतही धक्के जाणवत होतेच, पण तिथे लोक अंथरुणात उठून बसायचे आणि पुन्हा झोपायचे. आम्ही गेलो नाही. त्यात शौर्य नव्हतं. शाळा सकाळची होती आणि तेवढ्या पहाटे डहाणूहून गाडी मिळत नव्हती.

तलासरीत ऋतू ओळखायची खरी खूण मला मिळाली ती हजेरीपटात. तापमापक त्यापुढे काहीच नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की बाक रिकामे. भात कापून झालेला असतो, घरातला दाणा किती महिने पुरेल याचा हिशेब झालेला असतो, आणि कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात : कुणी वसई-भिवंडीकडे, कुणी गुजरातेत. काही पोरं आजीकडे राहतात, काही आश्रमशाळेत, काही जातात. जे रोज जाऊन-येऊन करतात ते उंबरगावच्या कारखान्यांत. उंबरगाव १९६०पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं; आता ते दुसऱ्या राज्यात आहे, पण सकाळी सहाला भरलेल्या जीपगाड्यांना सीमेचं काही वाटत नाही.

आणि एक वाट मला अजिबात माहीत नव्हती. समुद्र सोडून आत आले असं मी धरून चालले होते. तर इथल्या कितीतरी घरांतले पुरुष खलाशी. ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली की ते वेरावळ, पोरबंदर, ओख्याला जातात, दुसऱ्याच्या बोटीवर महिनोनमहिने राहतात आणि मेअखेर परततात. चुकून पाकिस्तानच्या हद्दीत गेलेल्या बोटींवर पकडलेल्यांत डहाणू-तलासरीचे आदिवासी खलाशी असतात, ही बातमी डहाणूत असतानाही मी वाचली होती. पण ती वर्गातल्या पोराच्या बापाची बातमी असू शकते, हे इथे आल्यावर समजलं.

२०१९चा ऑक्टोबर सरता सरेना. पाऊस परत जायचं नावच घेईना. कापलेलं भात शिवारात आडवं पडलेलं, त्याला कोंब फुटले. दिवाळी झाली तरी आभाळ तसंच. अरबी समुद्रात आधी 'क्यार' आणि मागोमाग 'महा' वादळ. महा सौराष्ट्राच्या दिशेने वळल्याची बातमी आली त्या आठवड्यात आमच्या वर्गात पाढे कुणाच्याच डोक्यात जात नव्हते. चौथीतला एक मुलगा मला रोज विचारायचा, "बाई, मोबाइलात बघा ना, ओख्याला वारा किती?" मी डहाणूचं हवामान बघायच्या सवयीची, त्या दिवसापासून माझ्या फोनवर पहिलं नाव ओख्याचं आलं. वादळ किनाऱ्याला पोचेपर्यंत विरलं. त्याच्या बापाचा फोन तिसऱ्या दिवशी लागला. भात मात्र गेलंच, आणि त्या वर्षी एरवी घरी राहणारी माणसंही भट्टीवर गेली. बाक आणखी रिकामे झाले.

तेव्हापासून मी पालकसभेसाठी मुख्याध्यापकांच्या मागे लागले. परिपत्रकाप्रमाणे सभा व्हायच्या त्या होतातच. पण बाप सभेला यायला हवा असेल तर ती जुलैअखेर, लावणी आटपता आटपता, पावसाची उघडीप बघून ठेवावी लागते. त्या काळात खलाशी घरी, भट्टीवाले घरी. सर आधी म्हणाले, "बाई, पावसात कोण येतंय?" मग त्यांनीच पाड्यावर निरोप धाडला. व्हरांडा भरला. इरल्याखालून, छत्रीतून, नुसतंच डोक्यावर प्लास्टिक घेऊन लोक आले. ज्यांची सही मी कधी बघितली नव्हती ते बाप पहिल्यांदा समोर बसले. त्यांतला एक मला ओख्याच्या डिसेंबरच्या थंडीविषयी सांगत होता : बोटीवर रात्री जाळं ओढताना बोटं कळत नाहीत. डहाणू बंदराची हवा त्याला मऊ वाटायची, तलासरीची त्याहून कोरडी, आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्याची घाण. हवामानाबद्दल त्याच्याशी बोलताना माझी तीन गावं मला थोडीच वाटली.

त्याचा मुलगा, तोच ओख्याचा वारा विचारणारा, शेजारी बसून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "बाई, तुमच्या बार्शीला समुद्र नाय ना?"

"नाही."

"मग पावसाळ्यात माणसं घरी येतात ती कुठून?"

मी त्याला ऊसतोडीचं सांगितलं. दिवाळीनंतर बैलगाड्या जुंपून, ट्रॅक्टरवर संसार भरून माणसं कारखान्यांवर जातात, ऊस संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. पोरं कधी बरोबर जातात, कधी आजीकडे राहतात. त्याने बोटं मोजली, एप्रिल, मे.

"मंग त्यांचा बापूस आमच्याआधी येतो," तो म्हणाला, आणि बापाकडे बघून हसला. बाप म्हणाला, "पण त्यांना म्हावरं कोण आणतो?"