मोत्याच्या गाठी आणि चातुर्मासातला प्रश्न



कुत्र्याच्या जबड्याखाली गाठ लागली की कुणी म्हणतं हाड अडकलं, कुणी म्हणतं कॅन्सर. खरं तर आपल्या पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तसंच हे. लसिका ग्रंथी शरीरात शिरलेल्या रोगाशी लढताना सुजतात. म्हणजे गाठ हा स्वतः आजार नव्हे, आत काहीतरी चाललंय याची खूण आहे.

इथे अमडापूरला आमच्या मोत्याला गेल्या आषाढात अशा गाठी आल्या. जबड्याखाली दोन्ही बाजूंना, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यांच्या मागेही. अंगात ताप, हिरड्या फिक्या, भाकरीला तोंड लावेना. चिखलीच्या पशुवैद्यांनी एक गोष्ट नीट समजावली. एकाच जागी गाठ असेल तर जवळपास किडलेला दात, कानाचा संसर्ग किंवा पू झालेली जखम शोधायची. सगळीकडे असतील तर रोग अंगभर आहे असं समजायचं. त्यात गोचीडताप येतो, तसा लिम्फोमा हा कॅन्सरही येतो. लिम्फोमात गाठी घट्ट असतात, बहुधा दुखत नाहीत, आणि सुरुवातीला कुत्रं खातं-खेळतंही. नुसत्या हाताने फरक कळत नाही. सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासाव्या लागतात, रक्तही तपासावं लागतं. निदानाआधी सूज उतरवायला स्टिरॉइड देऊ नये, त्याने खरा आजार झाकला जातो.

मोत्याच्या रक्तात प्लेटलेट कमी निघाल्या आणि एर्लिशिया सापडला. हा जंतू 1935 साली अल्जीरियातल्या कुत्र्यांमध्ये प्रथम ओळखला गेला. तपकिरी गोचिडाच्या चाव्यातून तो पसरतो. डॉक्सिसायक्लिन 28 दिवस द्यायचं ठरलं. पण डॉक्टर म्हणाले, "गोचीड राहिले तर हे पुन्हा होईल. गोचिडाची गोळीही द्या."

इथे घरात प्रश्न उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "चातुर्मासात एका जिवासाठी इतके जीव मारायचे का गं?"

त्यांचं म्हणणं मला उडवून लावता आलं नाही. गोचीड हाही जीवच. पण मोत्या आपल्या आधाराने जगतो, त्याला तसाच सोडणं हीसुद्धा दया नव्हे. शास्त्रात श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, ती कमीत कमी ठेवायची. मी गोळी दिली. सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी त्या दिवशी तूप सोडलं आणि सायंकाळी प्रतिक्रमण केलं. मीही त्यांच्याजवळ बसले.

मात्र त्यांच्या प्रश्नाने मला एक गोष्ट शिकवली. रक्त पिऊन फुगलेली गोचिडाची मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. भेगा बुजवल्या, जुनी पोती काढली, बसायचं फडकं उन्हात टाकलं, रोज अंगावरून हात फिरवला, तर ते जीव तिथे वाढतच नाहीत. म्हणजे मारायची वेळही कमी येते. यत्नाचार म्हणतात तो हाच. आता हे काम आम्ही दोघी उन्हाळ्यातच करतो.

वादीभसिंह आचार्यांच्या क्षत्रचूडामणीत जीवंधरकुमार मरणासन्न कुत्र्याला णमोकार ऐकवतो आणि तो यक्ष होतो. मोत्या निपचित पडलेला असताना सासूबाईंनीही त्याच्या कानाशी णमोकार म्हटला. पण सोबत घड्याळ पाहून गोळीही त्यांनीच दिली, भाकरीच्या तुकड्यात घालून. चार दिवसांत ताप उतरला. महिन्याने गाठी बोराएवढ्या राहिल्या. रक्त पुन्हा तपासायचं आहे.

तुमच्याकडे कुत्रं असेल तर आंघोळ घालताना जबड्याखाली, खांद्यापुढे, काखेत, जांघेत आणि मागच्या गुडघ्यामागे चाचपून पाहा. जबड्याखाली लाळेची ग्रंथीही हाताला लागते, म्हणून शंका आली तर डॉक्टरांनाच दाखवा. अनोळखी कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, तर हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो.