पंचवीस तारांचं शहर

लॉस एंजेलिस म्हणजे हॉलीवूड, असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण त्याच शहरातली एक साधी लोकल ट्रेन प्रवाशाला वेगळंच काही ऐकवते...

रंगमंचावर चार खुर्च्या, चार वादक आणि चार गिटारी. दिव्यांचा झगमगाट नाही, वायरींचं जंजाळ नाही. वादन सुरू होतं आणि नवख्या श्रोत्याची नजर पडद्यामागे काहीतरी शोधू लागते. कारण कानावर येतात त्या घंटा. काशाच्या, एकमेकींत मिसळत घुमणाऱ्या. मधूनच खोल आवाजाचा एखादा टोल. पडद्यामागे मात्र कुणीही नसतं. चौघांनी तारांवर बारीकसारीक वस्तू अडकवून गिटारीचा आवाजच पालटून टाकलेला असतो!

या रचनेचं नाव ‘गोंगान’. रचनाकार विल्यम कानेंगायझर आणि वाजवणारी मंडळी म्हणजे ते स्वतः ज्यात आहेत ते ‘लॉस एंजेलिस गिटार क्वार्टेट’. शास्त्रीय गिटारवादकांची ही चौकडी १९८० साली जमली. बाख आणि स्पॅनिश नृत्यसंगीत तर ती वाजवतेच, पण ब्राझील, क्यूबा आणि इंडोनेशियाच्या संगीताशीही तिनं सोयरीक जोडली. २००५ साली तिच्या ‘गिटार हीरोज’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं. गिटारीला तारा सहा, म्हणजे चौघांच्या मिळून चोवीस. पण जॉन डीअरमन या वादकाची गिटार सात तारांची. म्हणून हिशेब पंचवीसचा.

आपल्याकडे गिटार म्हटली की सिनेमातला कॉलेजकुमार किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ आठवते. चार गिटारींनी मिळून जगभरचं संगीत वाजवावं ही कल्पना विचित्रच वाटेल. पण हे लॉस एंजेलिसमध्ये का घडलं, हे समजून घ्यायचं तर मोटारींच्या या शहरात मोटार सोडून मेट्रोच्या ‘ई लाइन’मध्ये बसावं. पूर्वेकडच्या ईस्ट लॉस एंजेलिसमधून निघणारी ही गाडी शहर आडवं कापत पश्चिमेला सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत जाते. २०२३ पासून हा सगळा प्रवास गाडी न बदलता होतो.

कामाची वाट बघणारे सूर

पूर्वेकडून निघालं की थोड्याच वेळात ‘मारियाची प्लाझा’ हे स्थानक येतं. भाग बॉइल हाइट्सचा, वस्ती मुख्यतः मेक्सिकन. चौकात दगडी मंडप आहे, मेक्सिकोच्या हालिस्को राज्याकडून आलेला. त्याच्या आसपास चांदीच्या बटणांचे काळे पोशाख घातलेले वादक उभे असतात. हातात व्हायोलिन, ट्रम्पेट, विहुएला नावाची पाच तारांची छोटी गिटार आणि गिटारॉन, म्हणजे पोट सुटलेल्या पैलवानासारखी दिसणारी खर्जाची गिटार. लग्नसराईत आपले बँडवाले सुपारीची वाट बघतात, तशीच ही माणसं गिऱ्हाइकाची वाट बघतात. लग्न, मुलीचा पंधरावा वाढदिवस, अंत्यविधी... मेक्सिकन घरात मारियाचीशिवाय पान हलत नाही. १९३०च्या दशकापासून वादक इथे जमत आले आहेत.

२००९ साली इथे मेट्रोचं स्थानक झालं आणि आजूबाजूच्या घरांचे भाव चढू लागले. ज्यांच्या नावानं स्थानक, त्यांनाच तिथलं भाडं परवडेना! २०१७ मध्ये चौकाजवळच्या एका इमारतीत भाडं एकदम भरमसाट वाढवलं गेलं. तिथल्या भाडेकरूंत मारियाची वादकही होते. त्यांनी भाडं देणंच थांबवलं. अखेर २०१८ मध्ये बरीच कमी वाढ ठरून तडजोड झाली. युनेस्कोनं २०११ साली मारियाचीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिलं होतं खरं, पण वारशाच्या यादीत नाव आलं म्हणून घरमालक भाडं कमी करत नाही.

हे शहर मुळातच सरमिसळीचं. १७८१ साली स्पेनच्या राज्यात ते वसवलं गेलं, तेव्हा आलेले रहिवासी जेमतेम ४४. त्यांतले बहुतेक आफ्रिकी, मूळ अमेरिकी किंवा मिश्र वंशाचे. नाव स्पॅनिश, माणसं नाना मुलखांची. हीच रीत पुढे कायम राहिली.

मालागाहून आलेलं बिऱ्हाड

गाडी शहराच्या मध्यभागातून पुढे जाते आणि ‘एक्स्पो पार्क–यूएससी’ स्थानक येतं. एका बाजूला संग्रहालयं आणि गुलाबांची मोठी बाग, दुसऱ्या बाजूला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लाल विटांच्या इमारती. मे महिन्याच्या सुमारास शहरातले रस्ते नीलमोहरानं जांभळे होऊन जातात. चौकडी जन्मली ती या विद्यापीठात. तरुण विद्यार्थी होते आणि गुरू होते पेपे रोमेरो.

रोमेरो घराण्याची गोष्ट एखाद्या कादंबरीसारखी आहे. वडील सेलेदोनियो रोमेरो यांचा जन्म १९१३ चा, क्यूबातल्या सिएनफुएगोसचा, पण आयुष्य घडलं दक्षिण स्पेनमधल्या मालागा या बंदराच्या गावी. उत्तम गिटारवादक, तरीही फ्रँकोच्या हुकूमशाहीत परदेशी जाऊन वाजवायची मुभा नव्हती. सेलीन, पेपे आणि आंखेल या तिन्ही मुलांना त्यांनी घरीच शिकवलं. १९५७ साली कुटुंबानं देश सोडला आणि कॅलिफोर्निया गाठलं. १९६० मध्ये बाप आणि तीन लेक एकत्र बसून वाजवू लागले. ‘लॉस रोमेरोस’ असं त्यांच्या क्वार्टेटचं नाव.

अडचण एकच होती. चार गिटारींसाठी लिहिलेलं संगीत फारसं होतंच कुठे? दुसऱ्या वाद्यांसाठीचं उतरवून घ्यायचं, नाहीतर नवं लिहवून घ्यायचं. रोमेरोंनी स्पेनचे अंध संगीतकार होआकिन रोद्रिगो यांच्याकडून चार गिटारी आणि वाद्यवृंदासाठी ‘कॉन्सिएर्तो आंदालूस’ लिहवून घेतला. १९६७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत तो पहिल्यांदा वाजला. देश सोडून आलेल्या कुटुंबासाठी त्याच देशातल्या संगीतकारानं त्यांच्याच आंदालुसिया प्रांताचे सूर लिहून पाठवले. पुढे २००० साली स्पेनच्या राजानं तिन्ही भावांना सरदारकीचा किताब दिला. ते बघायला वडील नव्हते. १९९६ मध्येच ते गेले होते.

आणि आंदालुसियाचं संगीत तरी एकट्या स्पेनचं कुठे आहे? तिथे शेकडो वर्षं मुसलमानी राज्यं होती. अरबांचं ऊद हे तंतुवाद्य तिथे घुमलं. पंधराव्या शतकात रोमा लोकांच्या टोळ्या स्पेनमध्ये पोचल्या. त्यांचे पूर्वज वायव्य भारतातून निघालेले, याची साक्ष त्यांच्या भाषेतले शब्द आजही देतात. फ्लामेंको घडलं ते या सगळ्यांच्या सहवासातून. पेपे रोमेरोंच्या हाताखाली जे विद्यार्थी तयार झाले, त्यांना शुद्ध म्हणून जे शिकवलं गेलं तेच मुळात असं मिश्र होतं.

गुरूंच्या घरात एक रक्त होतं. शिष्यांच्या चौकडीत रक्ताचं नातं नव्हतं आणि एका देशाचा वारसाही नव्हता. १९९० मध्ये तिच्यात अँड्र्यू यॉर्क आले. त्यांच्या लेखणीतून तिच्यासाठी नव्या रचना उतरल्या. २००६ मध्ये ते बाहेर पडले आणि मॅथ्यू ग्रीफ आले. जॅझचे नामांकित गिटारवादक पॅट मेथनी यांनी तिच्यासाठी सहा भागांची ‘रोड टू द सन’ ही लांबलचक रचना केली. २०२१ साली ती अल्बमवर आली.

एक गोष्ट मात्र कानानं समजून घ्यावी लागते. व्हायोलिनच्या चौकडीत उंच सुरांसाठी व्हायोलिन, खर्जासाठी चेलो, अशी कामं वाटलेली असतात. चार गिटारी म्हणजे मात्र चार सख्ख्या बहिणी. आवाज सारखा, पट्टा सारखा. त्यातून गिटारीचा सूर छेडला की लगेच विरू लागतो, गजानं ओढल्यासारखा लांबवता येत नाही. म्हणून एक जण तार पुलाजवळ छेडतो, आवाज पत्र्यासारखा येतो. दुसरा भोकावर छेडतो, तो मधाळ येतो. तिसरा लाकडावर बोटांनी ताल धरतो. डीअरमन यांची सातवी तार म्हणूनच मोलाची. दुसऱ्या संस्कृतीच्या वाद्यांकडे वळण्यात केवळ हौस नव्हती. चार सारख्या आवाजांतून वेगळेपण काढायचं, तर ढोल, घंटा आणि बासरी यांच्याकडे बघणं भागच होतं.

उसनं की शिकलेलं?

‘गोंगान’ची मुळं समजायची तर ई लाइन मध्येच सोडून बस पकडावी आणि वेस्टवुडला जावं. तिथे यूसीएलए हे दुसरं मोठं विद्यापीठ आहे. फुटबॉलच्या मैदानात दोन्ही विद्यापीठं एकमेकांची हाडवैरी! १९५०च्या दशकाच्या अखेरीस इथे जावा बेटावरून गमेलन आलं. गमेलन म्हणजे एक वाद्य नव्हे. काशाच्या पट्ट्या, हंड्यांसारख्या घंटा आणि टांगलेल्या मोठ्या गोंगा यांचा तो अख्खा संसार असतो. प्रत्येक संच स्वतःपुरता जुळवलेला. एका गावच्या संचातली पट्टी उचलून दुसऱ्या संचात बसवली तर ती बेसूर होते.

ते आणणारे प्राध्यापक मँटल हूड यांचा आग्रह जगावेगळा होता. परक्या संगीतावर प्रबंध लिहायचा तर आधी ते वाजवायला शिका! माणूस जसा दोन भाषा बोलतो तसा तो दोन संगीतंही बाळगू शकतो, असं त्यांनी १९६० साली मांडलं. भाषा शिकताना चुकावं लागतं, हसं करून घ्यावं लागतं. हूड यांच्या विद्यार्थ्यांनी गमेलनापुढे मांडी घालून तेच केलं. १९६७ मध्ये पंडित रविशंकर यांनीही याच शहरात ‘किन्नर’ ही आपली संगीतशाळा काढली. पूर्वेचं संगीत इथे नुसतं ऐकायला मिळत नव्हतं, शिकायलाही मिळत होतं.

जावाच्या संगीतात एका मोठ्या गोंगेच्या टोल्यापासून पुढच्या टोल्यापर्यंतच्या फेऱ्याला ‘गोंगान’ म्हणतात. आपल्याकडच्या तबल्याच्या आवर्तनासारखंच हे. फरक असा की आपली सम आवर्तनाच्या आरंभी, तर त्यांच्या मोठ्या गोंगेचा टोला फेऱ्याच्या शेवटी. आपण समेवरून निघतो, ते गोंगेवर पोचतात. भजनाला टाळ धरलेल्या मराठी माणसाला हा फेरा समजायला वेळ लागणार नाही.

गिटारीवर हे साधायचं तर खरी अडचण पडद्यांची. गिटारीच्या मानेवरचे धातूचे पडदे सप्तक बारा ठरावीक भागांत तोडतात. जावाच्या पाच सुरी ‘स्लेंद्रो’चे सूर त्या बारांत नीट बसत नाहीत, मधल्या फटींत पडतात. तारांवर वस्तू अडकवण्याची युक्ती इथे कामाला येते. तार आपला ठरलेला सूर सोडते आणि घंटेसारखी बोलू लागते. अर्थात हा उपाय अर्धामुर्धाच. जावाच्या माणसाला ते गमेलन वाटेलच असं नाही. पण गमेलनची नुसती धून उचलून तिच्याखाली पाश्चात्त्य साथ घालण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. स्वतःचं वाद्य मोडून वाकवून दुसऱ्याकडे जाणं वेगळं आणि दुसऱ्याला ओढून आपल्या साच्यात कोंबणं वेगळं. जगभरच्या संगीताच्या नावाखाली बाजारात जे विकलं जातं, त्यातला बराच माल दुसऱ्या प्रकारचा असतो.

तरीही एक प्रश्न उरतोच. सभागृहात मेक्सिकन धून वाजते तेव्हा तिकिटाचे पैसे कुणाकडे जातात? त्याच रेल्वेवर, काही स्थानकं मागे, तीच परंपरा पोटावर बांधून माणसं चौकात उभी आहेत. याचं ओझं एकट्या गिटारवादकांच्या खांद्यावर टाकणं अन्यायाचं होईल. पण ऐकणाऱ्यानं एकदा मारियाची प्लाझावर उतरून, रोख पैसे देऊन, दोन गाणी ऐकायला काय हरकत आहे?

क्यूबातला पाऊस

वेस्टवुडहून परत ई लाइनवर यावं. शेवटचं स्थानक सांता मोनिका. पुढे पॅसिफिक महासागर. इथवर आलेल्या प्रवाशानं कानाला हेडफोन लावून ऐकावी अशी चार गिटारींची एक रचना आहे, मात्र ती या शहरातली नाही. हवानात १९३९ साली जन्मलेले लिओ ब्राउअर यांनी १९८४ मध्ये ती लिहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘पावसातला क्यूबा’ असा काहीसा. ब्राउअर स्वतः थोर गिटारवादक. त्याच दशकाच्या सुरुवातीला उजव्या हाताच्या दुखापतीमुळे त्यांचं मैफलीत वाजवणं थांबलं, लिहिणं थांबलं नाही. जगभरच्या गिटार चौकड्या आज ही रचना वाजवतात.

सुरुवातीला एकच थेंब. मग दुसऱ्या गिटारीवर दुसरा, थोडा उशिरा. तिसरा भलतीकडेच. चौघं मुद्दाम एकमेकांच्या मागेपुढे राहतात, कारण पाऊस काही एका तालात पडत नाही. हे एका गिटारीवर जमणं कठीण, चारच हव्यात. हळूहळू थेंबांची सर होते, सरीचा धो धो पाऊस, आणि मग तारा फळीवर सटासट आपटू लागतात. पत्र्याच्या छपराखाली आषाढ काढलेल्या कोकणी माणसाला तो आवाज कुणी समजावून सांगायला नको.

लॉस एंजेलिसला मे ते सप्टेंबरात पावसाचा थेंबही क्वचितच पडतो. आकाश बहुतेकदा निळं, डोंगर वाळून पिवळे. अशा दिवसांत ही रचना ऐकली तर आणखीच बरी लागते.