दोन रुग्णांच्या मधली दहा मिनिटं

दाताच्या दवाखान्याची तपासणी भिंतीपासून सुरू होते. डॉक्टरांची नोंदणी, परवाना, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेशी झालेला करार, एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक परिषदेकडची नोंदणी. छत्तीसगडात उपचर्यागृहांचा, म्हणजे नर्सिंग होमचा, कायदा 2010 मध्ये झाला, नियम 2013 मध्ये आले, आणि रायपूरच्या लहान लहान दवाखान्यांतही फायली तयार झाल्या. हे चांगलंच झालं. पण दवाखान्यात काय घेऊन ठेवलंय एवढंच भिंत सांगते. रोज काय केलं जातं, ते पाहायला मी एक स्टूल मागून घेतो आणि कोपऱ्यात बसतो. एक रुग्ण खुर्चीवरून उठल्यापासून दुसरा तिच्यावर टेकेपर्यंत काय घडतं, ते पाहतो.

त्या दहा मिनिटांत सगळं कळतं. रक्त लागलेल्या हातमोज्यानेच ड्रॉवर उघडला का? दिव्याची मूठ पुसली का? दात कोरायचं फिरतं हत्यार, म्हणजे हँडपीस, काढून नेला, की स्पिरिटचा बोळा फिरवून तिथेच लटकवला? हँडपीसच्या आतल्या नळ्यांत लाळ आणि रक्त ओढलं जातं, आणि तिथे कुठलाच बोळा पोचत नाही. तो धुऊन, तेल देऊन, पाऊचमध्ये बंद करून वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात, ऑटोक्लेव्हलाच जायला हवा. म्हणून मी आधी हँडपीस मोजतो आणि मग अपॉइंटमेंटची वही मागतो. 121 अंशांवर पंधरा मिनिटं हा झाला वाफेचा वेळ. धुणं, तापणं, वाळणं, निवणं धरलं तर तासभर सहज जातो. हँडपीस दोन आणि संध्याकाळचे रुग्ण वीस, तर हिशेब जुळतच नाही. डॉक्टर मनाने कितीही सच्चा असो, त्या दवाखान्यात कुणाच्या तरी तोंडात दुसऱ्याचा हँडपीस जाणारच. अशा ठिकाणी मी रागावत नाही, आणखी चार हँडपीस घ्या म्हणून लिहून देतो.

घाईचं आणखी एक लक्षण म्हणजे ओले पाऊच. ऑटोक्लेव्हचं झाकण लवकर उघडलं की कागद दमट राहतो, आणि दमट कागदातून बाहेरचे जंतू पुन्हा आत शिरतात. पाऊचवरच्या निर्देशक पट्टीचा रंग बदललेला असतो, त्यामुळे सगळे निर्धास्त. त्यातही सांध्यात सिमेंट आणि रक्त वाळलेली पक्कड सापडली तर पुढचं पाहायलाच नको. खरकटं भांडं कुकरमध्ये उकळलं म्हणून ते घासलं गेलं असं होत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती मात्र बाटलीची वाटते. भुलीच्या औषधाची तीस मिलिलीटरची बाटली आपल्याकडे सर्रास वापरात आहे. तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची टोचून ठेवलेली दिसली की मी तिथेच थांबतो. तामिळनाडूतल्या वाणियंबाडीचं प्रकरण दंतवैद्यकातल्या प्रत्येकाने वाचायला हवं. 2022-23 मध्ये तिथल्या परिसरात मेंदूच्या मेलिऑयडोसिस या जंतुसंसर्गाचे रुग्ण एकामागून एक वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात येऊ लागले. शोध घेता घेता त्यांतल्या दहा जणांचा माग एकाच दंत दवाखान्यात पोचला. त्या दहांतले आठ दगावले. संशयाचं बोट सलाईनच्या बाटलीकडे गेलं. हिरडी सोडवायच्या हत्याराने ती उघडायची, कापसाने सैलसर बंद करायची आणि पुढच्या रुग्णाला तीच वापरायची. माती-पाण्यातला जंतू, काही रुपयांची बाटली आणि वाचवलेलं एक मिनिट.

ही बाटली कोण भरतं, कोण उघडतं, कोण झाकतं? सहायिका. म्हणून डॉक्टरांशी बोलून झालं की मी तिच्याशी बोलतो, शक्यतो डॉक्टर समोर नसताना. रायपूरच्या पंडरी भागातल्या बहुतेक सहायिका शेजारच्या वस्त्यांतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुली. काम हाताखाली राहूनच शिकलेल्या. मी छत्तीसगढीत विचारतो, "नोनी, पीलिया के टीका लगे हे का?" म्हणजे, मुली, काविळीची लस घेतलीस का? पुष्कळदा उत्तर येतं, "नइ लगे हे," नाही घेतली. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो, आणि धारदार हत्यारं धुते ती हीच मुलगी. तीन मात्रा, सहा महिने, खर्च किरकोळ. सुई टोचली तर काय करायचं, कुणाला सांगायचं, हेही तिला ठाऊक नसतं. सांगितलं तर ओरडा बसेल म्हणून ती गप्प राहते. लहान मुलाच्या एक्स-रेच्या वेळी फिल्म धरायलाही तिलाच उभं करतात. ते कर्मचाऱ्याने कधीच करायचं नसतं. माझ्यापुरता मी एक ठोकताळा बांधला आहे: जिथे सहायिकेची काळजी घेतात तिथे रुग्णाचीही घेतलेली असते. तो अजून तरी फारसा चुकलेला नाही.

आता उपचाराच्या दर्जाचं. पंडरीत जिल्हा रुग्णालय आहे, कापडाचा मोठा बाजार आहे. इथला बसस्टँड भाठागावला हलला, तरी आरंग-खरोऱ्याकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला येतात आणि त्याच फेरीत दाढही काढून घेतात. दाढेच्या खड्ड्यातली गुठळी निघून ठणका लागतो तो साधारण तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा रुग्ण गावी असतो. म्हणून त्याच्या हातात काय लिहून दिलं, त्यावर फोन नंबर आहे का, हे मी पाहतो. केसपेपरवर दोन शब्द शोधतो. पहिला सिकलिंग. छत्तीसगडात सिकलसेल इतका आहे की दाढ काढण्याआधी तो प्रश्न विचारलाच पाहिजे. अशा रुग्णाला पाण्याची कमतरता, जंतुसंसर्ग, नुसता ताणही संकटात टाकू शकतो. दुसरा शब्द गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा हा लगदा इथल्या बायका सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासतात, आणि विचारल्याखेरीज सांगत नाहीत. दाढेची तक्रार घेऊन आलेल्या बाईचा गाल आतून बोटाने ताणून पाहिला, पांढरा चट्टा दिसला आणि तो कागदावर उतरला, तर त्या दवाखान्याला माझ्या लेखी सगळ्यात मोठे गुण. छताला एलईडीच्या माळा असोत-नसोत.

छापील फॉर्म भरून झाला की मी माझं एक पान त्याला जोडतो. हँडपीस किती, रुग्ण किती. बाटलीत सुई आहे का. सहायिकेची लस, तारखांसह. सिकलिंग आणि गुडाखू विचारलं का. तपासणी सकाळी अकराला, खुर्च्या रिकाम्या असताना उरकू नये, संध्याकाळी सातला बाजार भरात असताना करावी, असंही दर वेळी लिहितो. अजून बोलावणी सकाळचीच येतात. मी वेळ मागून संध्याकाळी पुन्हा जातो.