बेडकांची वंशावळ आणि दोन आठवड्यांची शाळा

वंशावळ हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय. सरकारी कचेरीत वारसांच्या फायली हाताळण्यात माझी वीसेक वर्षे गेली. खापरपणजोबापासून सुरुवात करायची, खाली त्याचे मुलगे, त्यांच्या खाली नातू. कोण निःसंतान वारला, कोण आफ्रिकेला गेला तो परतलाच नाही, कोणी दत्तक घेतला. कागदावर फांद्या वाढत जातात आणि शेवटी एका माडांच्या भाटाला सत्तावीस वारस निघतात. गोव्यात ही विद्या जुनीच. कोमुनिदादीच्या दप्तरांत गांवकारांच्या वांगडांचा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या ठेवला गेला. त्यामुळे माझी भाची एकदा म्हणाली, "मामा, मी तुझेच काम करते, फक्त माझे पक्षकार बेडूक आहेत," तेव्हा तिचे म्हणणे मला पटकन समजले. मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच.

भाची बेंगळुरूला पीएच.डी. करते. तिच्या विषयाचे नाव फायलोजेनेटिक्स, म्हणजे सजीवांची वंशावळ मांडण्याचे शास्त्र. पूर्वी ही वंशावळ रूपावरून ठरायची. पायाची बोटे, कातडीवरच्या गाठी, कवटीची हाडे, असे पाहून कोण कोणाच्या जवळचा ते सांगत. आता डीएनए वाचतात. ती चारच अक्षरांची लिपी, पण मजकूर एवढा प्रचंड की तो संगणकाशिवाय आवरत नाही. जीवशास्त्राचा हा संगणकी संसार म्हणजे बायोइन्फर्मेटिक्स, आपल्या भाषेत जैवमाहितीशास्त्र.

काही वर्षांपूर्वी तिची निवड अमेरिकेतल्या वुड्स होल येथील एका कोर्ससाठी झाली. रेण्वीय उत्क्रांतीची कार्यशाळा असे त्याचे नाव. मुदत जेमतेम दोन आठवड्यांची. फीत थोडी सवलत मिळाली, पण विमानाचे तिकीट घरचे. माझ्या बहिणीने मुदतठेव मोडायची तयारी केली आणि मग मला फोन करून विचारले, "दादा, ते सर्टिफिकेट सरकारमान्य आहे का रे?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या वर्गातल्या घरात शिक्षणाचा हिशोब कागदावरच होतो. डिग्री, मार्कशीट, दाखला. या कोर्सने ना डिग्री मिळणार, ना बढती, ना पगारात वाढ. मग त्यात असे काय असते की जगभरची पोरे तिथे जायला धडपडतात? मी भाचीला विचारत गेलो, ती सांगत गेली. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

वुड्स होल हे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडच्या टोकाशी असलेले लहानसे समुद्रकाठचे गाव. तिथली सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा 1888 साली सुरू झाली. पण त्या परिसरातल्या उन्हाळी शाळेची परंपरा त्याहून जुनी आहे. 1873 साली लुई आगासी नावाच्या स्विस-अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने जवळच्याच पेनिकीज बेटावर शाळाशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरवला. त्यात बायकाही होत्या, हे त्या काळी विशेष. पुस्तक मिटा आणि निसर्गच वाचा, हा त्यांचा आग्रह. गंमत अशी, की या आगासींनी डार्विनचा उत्क्रांतीवाद शेवटपर्यंत मान्य केला नाही. आणि त्यांच्याच शाळेचा वारसा सांगणाऱ्या गावात 1988 पासून उत्क्रांतीचे झाड काढायला शिकवतात! शिष्य गुरूच्या पुढे जातात म्हणतात ते असे.

आता झाड काढायला शिकवतात म्हणजे काय करतात? मला हे कळले ते महाभारतामुळे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. 1919 साली काम सुरू झाले, 1966 साली संपले. हजारावर हस्तलिखिते गोळा केली. एका श्लोकाचा कागद घ्यायचा, वरच्या ओळीत एकेक अक्षर एकेका चौकटीत लिहायचे आणि खाली प्रत्येक पोथीतला फरक त्या त्या चौकटीत भरायचा. मग कोणत्या पोथ्यांत एकसारखे पाठभेद येतात ते पाहून त्यांची घराणी लावायची. वि. स. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत (1933) उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या प्रतींची अशी वंशावळच काढून दाखवली आहे. नकलनवीस चूक करतो, त्याच्या प्रतीवरून नक्कल करणारा तीच चूक पुढे नेतो आणि त्या चुकांवरून आपण मूळ शोधतो.

हे मी भाचीला सांगितले तर ती उडालीच. "मामा, आमचा पहिला धडा हाच!" वेगवेगळ्या प्राण्यांचा डीएनए एकाखाली एक मांडायचा, अक्षराखाली अक्षर येईल असा. ही मांडणी चुकली तर पुढचे सगळे चुकले. पोथ्या आणि प्राणी यांचे हे साम्य विद्वानांच्या नजरेतूनही सुटलेले नाही. 1998 साली चॉसरच्या कँटरबरी कथांमधल्या एका भागाच्या 58 हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्राच्या संगणकी पद्धतीने काढली गेली. पुढे वेंडी फिलिप्स-रॉड्रिग्ज या विदुषींनी केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने आपल्या सभापर्वातल्या द्यूतपर्वाच्या पोथ्यांनाही तीच पद्धत लावली. नक्कल करताना लेखकाने मध्येच समोरची पोथी बदलली असेल तर ते कुठे, हे त्यांना शोधायचे होते.

तर मांडणी झाली. आता झाड. इथे माझ्यासारख्या कारकुनाचे डोके फिरते. तीन प्राणी असतील तर त्यांची वंशावळ तीन प्रकारे काढता येते. चार असतील तर 15 प्रकारे. पाच असतील तर 105. आणि दहा असतील तर? 3,44,59,425 प्रकारे! यातली खरी एकच. सगळी तपासणे संगणकालाही लवकरच अशक्य होते, म्हणून युक्त्या वापरतात. त्या युक्त्या ज्यात भरलेल्या असतात ती सॉफ्टवेअर. आज कोणीही विद्यार्थी डीएनए त्यात घालून बटण दाबू शकतो. झाड येतेच. सुबक, रंगीत, प्रबंधात छापण्याजोगे.

"झाड नेहमीच येते, मामा. घोळ तिथेच आहे," भाची म्हणाली.

जो फेल्सनस्टाईन हे या शास्त्रातले मोठे नाव. 1978 साली त्यांनी दाखवून दिले, की कमीत कमी बदल मानून झाड काढण्याची त्या वेळची सरळसाधी पद्धत काही परिस्थितीत ठाम फसवते. दोन फांद्या फार वेगाने बदलत गेल्या असतील तर त्यांच्यात योगायोगानेच बरीच अक्षरे सारखी होतात, कारण अक्षरे मुळात चारच. पद्धत त्यांना सख्खी भावंडे ठरवते. आणि गंमत अशी, की माहिती वाढवली तर चूक सुधारत नाही, उलट पक्की होते. गोव्यातल्या माणसाला हे समजायला कठीण नाही. दोन गावांतले दोन फर्नांडिस एका रक्ताचे असतीलच असे नाही. बाटवताना कोणाला पाद्रीचे आडनाव मिळाले, कोणाला पादिनाचे. आणि आमचे नाईक तरी काय? आडनावांची यादी कितीही लांब केली म्हणून नाते सिद्ध होत नाही. मी फायलीत आडनावावर कधी जात नाही, बाप्तिस्म्याची नोंद आणि जन्मदाखला मागतो.

याच फेल्सनस्टाईननी 1985 साली झाडाच्या फांद्या किती भरवशाच्या हे तपासण्याची एक पद्धतही या शास्त्रात आणली. मांडणीतले रकाने चिठ्ठ्यांसारखे उचलायचे, उचललेला परत टाकायचा, असे करून तेवढ्याच आकाराची नवी मांडणी तयार करायची आणि पुन्हा झाड काढायचे. शंभर वेळा. एखादी फांदी शंभरातून किती वेळा परत येते ते पाहायचे. पण यातही मेख आहे. मूळ पद्धतच फसणारी असेल तर चुकीची फांदीही शंभरातून शंभर वेळा येईल.

वुड्स होलला हे फेल्सनस्टाईन अनेक वर्षे शिकवायला येत. त्यांनी आपली फायलिप नावाची सॉफ्टवेअर 1980 पासून जगाला फुकट वाटली. डेव्हिड स्वोफर्ड, ज्यांनी पॉप नावाची सॉफ्टवेअर लिहिली, तेही तिथलेच जुने मास्तर. कोर्सचे खरे मोल इथे आहे असे मला वाटते. सकाळी व्याख्यान, दुपारी आपापल्या संगणकावर हात चालवायचा, जेवणानंतर रात्री पुन्हा वर्ग. आणि ज्याने अवजार घडवले तोच शेजारी उभा राहून सांगतो, की हे अवजार अमुक ठिकाणी चालत नाही, तिथे वापरू नकोस. पुस्तिकेत हे लिहिलेले असते, पण कोण वाचतो? आमच्याकडे गाण्याचे शिक्षण अजून समोर बसून होते, त्यातलाच हा प्रकार. कॉलेजचा अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागतात. एक अवजार पुस्तकात येईपर्यंत दुसरे निघालेले असते. ही फट असले कोर्स भरून काढतात.

आम्हालाही खात्यातर्फे प्रशिक्षण असते. दोन दिवस, चहा-समोसा, शेवटी गटाचा फोटो. "हा नियम कुठे लागू करू नये?" असे तिथे कोणी शिकवल्याचे आठवत नाही. असो.

हे सगळे बेडकांपुरतेच असते तर कोणी फार मनावर घेतले नसते. पण लिबियाची हकिकत ऐका. 1998 साली बेनगाझीच्या मुलांच्या इस्पितळात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले. बल्गेरियाच्या पाच परिचारिका आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांनी ती मुद्दाम केली असा आरोप झाला आणि 2004 साली त्यांना मृत्युदंड ठोठावला गेला. डिसेंबर 2006 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मुलांच्या रक्तातल्या विषाणूंची वंशावळ प्रसिद्ध केली. वेगवेगळी गृहीतके धरून पाहिली, तरी उत्तर तेच. हे लोक मार्च 1998 मध्ये तिथे पोचण्याआधीपासूनच तो विषाणू तिथे पसरत होता. न्यायालयाने त्याच महिन्यात मृत्युदंड पुन्हा कायम केला, हेही सांगायला हवे. जुलै 2007 मध्ये बऱ्याच वाटाघाटींनंतर सहाही जण सुटले. वंशावळीने एकट्याने त्यांना सोडवले नाही. पण ती काढणाऱ्यांनी घाईघाईत एकच बटण दाबून झाड काढले असते, तर ते कोणीही उलटतपासणीत फाडले असते. कोरोनाच्या काळात आपण अल्फा, डेल्टा ही नावे रोज ऐकत होतो. तीही अशाच झाडाच्या फांद्यांची नावे. डेल्टा ज्या फांदीतून निघाला, ती 2020 च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या नमुन्यांत सापडली होती.

आता आमच्या सड्यांकडे येतो. गोव्यातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवरून एका छोट्या बेडकाची नवी जात 2018 साली नोंदवली गेली. तिचे नाव ठेवले 'गोएमची', म्हणजे आपल्या कोंकणीतले 'गोंयची'! रूप, वस्तीची जागा आणि डीएनए या तिन्हींवरून ती वेगळी ठरली. नाव ठेवताना तिचे कूळ होते फेजेर्वार्या, पुढे वंशावळ सुधारली तसे ते मिनर्वार्या झाले. आमच्या फायलींत वंशावळ बदलली की भाटाचे मालक बदलतात, बेडकांत आडनाव बदलते.

यात नुसती नावाची हौस नाही. सड्याकडे आम्ही ओसाड माळ म्हणूनच पाहत आलो. खाणी झाल्या, मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. सड्यावर काय राहते हे सांगायचे तर आधी त्याला नाव हवे, आणि नाव टिकायचे तर वंशावळ पक्की हवी. उद्या कोणी म्हणाले, की हा वेगळा बेडूक नव्हेच, तो सगळीकडे सापडतो, तर उत्तर द्यायला इथले कोणी तरी तयार पाहिजे.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र 1987 सालीच सुरू झाले. सुखटणकरांच्या पोथ्या ज्या शहरात, त्याच शहरात. बेंगळुरूला आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्राने 2014 पासून लोकसंख्या-आनुवंशिकी आणि उत्क्रांतीची शाळा अनेकदा भरवली. पण हुशार पोरे जितकी आहेत त्या मानाने जागा थोड्या, आणि प्रत्येकाची आई मुदतठेव मोडू शकत नाही.

गेल्या वर्षी सुट्टीत आली तेव्हा भाचीने इथल्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या पंधरा मुलांसाठी तीन दिवसांचा वर्ग घेतला, बिनपैशांचा. पहिल्या दिवशी तिने संगणक उघडूच दिला नाही. चार बेडकांची पंधराही झाडे हाताने काढायला लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी एका मुलीने आपले झाड दाखवून विचारले, "मॅडम, हे बरोबर आहे ना?" भाचीने तिला परत विचारले, "ते चूक आहे हे तुला कशावरून कळेल?" मुलगी गप्प झाली आणि पुन्हा मांडणी उघडून रकाने तपासायला बसली. चहा आला तरी उठली नाही.

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. सर्टिफिकेट सरकारमान्य नाही, मी चौकशी केली. पण मुदतठेव बरी जागी गेली, असे मी तिला सांगितले आहे.