गोंगाट कशाला म्हणावे?

ध्वनीचे क्षणाक्षणाला मोजमाप घ्यावे, ते आकड्यांत लिहून ठेवावे आणि त्या आकड्यांवरून पुन्हा ध्वनी उभा करावा, ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला १९३७ साली पॅरिसमध्ये सुचली. दूरध्वनीच्या तारेवर वाढत जाणारी खरखर टाळावी, हा त्यामागील हेतू. कल्पना काळाच्या पुढे होती. तिला पेलणारी साधने यायला काही दशके जावी लागली. १९७२ साली जपानच्या डेनॉन कंपनीने या पद्धतीचे ध्वनिमुद्रणयंत्र वापरात आणले आणि १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात सेकंदाला ४४,१०० मोजमापे असतात, आणि प्रत्येक मोजमापासाठी ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी.

या इतिहासातील मला सर्वांत मोह पाडणारा माणूस म्हणजे अमेरिकेतील यूटा विद्यापीठाचे थॉमस स्टॉकहॅम. एन्रिको कारूझो या थोर इटालियन गायकाच्या तबकड्या कर्ण्यापुढे गाऊन मुद्रित झालेल्या. त्या कर्ण्याचा स्वतःचा घुमारा गायकाच्या आवाजात मिसळून गेलेला. स्टॉकहॅम यांनी संगणकाच्या साहाय्याने त्या घुमाऱ्याचा अंदाज बांधला व तो वजा केला. १९७६ साली ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. यंत्राचे काय आणि माणसाचे काय, याची अशी वाटणी तोवर कोणी केली नव्हती.

पुढे हे सामर्थ्य घरोघरी पोहोचले. १९९१ साली आलेले प्रो टूल्स स्टुडिओवाल्यांसाठी होते. २००० साली आलेले ऑडॅसिटी तर विनामूल्य. केवळ खरखर असलेला एक तुकडा त्याला दाखवावा, म्हणजे तसली खरखर ते सगळीकडून उणी करते.

बडोद्याला आमच्या घरी आत्याच्या ओव्यांची एक जुनी कॅसेट आहे. माझ्या पुतण्याने ती संगणकावर उतरवली, फितीची सळसळ काढली. मागे हिंचक्याच्या कड्या कुरकुरत होत्या. एका ओवीच्या मध्येच रस्त्यावरून भाजीवालीची हाक येते. आत्या थांबते, गुजरातीत भाव विचारते, महाग म्हणून नाक मुरडते आणि सोडलेल्या शब्दापासून ओवी पुन्हा उचलते. ‘‘काका, एवढा भाग कापून टाकू का? ओवी सलग होईल,’’ त्याने विचारले.

प्रश्न सरळ होता, उत्तर सोपे नव्हते. ओवी सासर-माहेरची, कृष्णाकाठची; हिंचका आणि भाजीवाली बडोद्याची. चार पिढ्या आम्ही या दोहोंच्या मध्ये राहिलो. सलग ओवी महाराष्ट्रातही मिळेल. भाव विचारून पुन्हा ओवीवर येणारी आत्या मात्र याच गावची, आणि तिचा तोंडवळा त्या खंडातच उमटला आहे. फितीची सळसळ यंत्राची होती, ती गेली. भाजीवाली आमची, ती राहिली.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अशा कॅसेटी असतील. फिती जीर्ण होत आहेत, त्या वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. त्या लवकर उतरवून घ्याव्यात. पण पहिली प्रत जशीच्या तशी, काहीही न पुसता वेगळी ठेवावी. स्वच्छ प्रत पुढे केव्हाही करता येईल. कोणता आवाज गोंगाट आणि कोणता घराचा, हे आपल्या नातवंडांना कदाचित आपल्याहून निराळे वाटेल; निवडीचा तो हक्क त्यांच्यासाठी राखून ठेवावा.