कामठीच्या कबरींपाशी

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनाची मिस्साबली अर्पून, मी गोरेगावहून गोंदियामार्गे रेल्वेने कामठीला गेलो. १८२१ साली कन्हानकाठी वसलेली ही छावणी. गोऱ्या फलटणींमागोमाग अँग्लिकन ख्रिस्तमंदिरही आले. जुन्या दफनभूमीत तरुण शिपाई आणि तान्ही मुले. पटकी नि ताप यांनी त्या काळी रणांगणाहून अधिक माणसे नेली. अक्षरे पुसट झालेली; वयांचे आकडे तेवढे बोटांना लागतात.

पण मी इतिहासासाठी गेलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका शेतकऱ्याने पत्नीसाठी आपल्या दफनभूमीत जागा मागितली होती. ती उत्तर भारतीय चर्चची. १९७० साली नागपुरातच अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झालेल्या चर्चची. व्हॅटिकन परिषदेचा १९६४ चा ख्रिस्तैक्याचा दस्तऐवज मी सेमिनरीत परीक्षेपुरता का होईना, मुखोद्गत केला होता. वरिष्ठांना विचारणेही अवघड नव्हते. तरी मी ‘बघू’ म्हणालो. त्याने तिला तिच्या माहेरी नेले.

एका बाळाच्या कबरीपाशी मी चिरविश्रांतीची प्रार्थना म्हटली. मग त्या बाईंचे नाव घेतले. परतीच्या गाडीत, त्यांच्या माहेरचा रस्ता कुठून वळतो, ते आठवत बसलो.