अब्बांची टेप

परीक्षेला तीन आठवडे उरलेत. इशाची नमाज झाली की अब्बांची शिलाईची टेप घेऊन मी अम्मीचं डोकं मोजायला बसते. नाकाच्या मुळापासून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत 36 सेंटिमीटर. त्याचे दहा टक्के 3.6, वीस टक्के 7.2. याच हिशेबाने ईईजीचे इलेक्ट्रोड कुठे लावायचे ते ठरतं. अल्फा लहरी सेकंदाला 8 ते 13. डोळे मिटले की मागच्या बाजूला उठून दिसतात. हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूलहरींवरचा पहिला लेख 1929 मध्ये छापला, हेही पाठ केलंय.

माझ्या खालाला फिट यायच्या. कोल्हापुरात तेव्हा तिला कांदा हुंगवला, तावीज बांधले. ईईजी मात्र कुणी काढला नाही. दोनदा ठरलेलं लग्न मोडलं.

अम्मीने विचारलं, "मशीनला बाहेरचं दिसतं का गं?" म्हटलं, "नाही. आणि एक आलेख नॉर्मल आला म्हणून फिट नाहीत, असंही नसतं."

आमच्या मोहल्ल्यातल्या बायका आधी एवढंच विचारतात: ओढणी काढायची, तर आत बाईच असेल ना?

काल अम्मी केसांना तेल न लावताच बसली. म्हणाली, "घे, मोज."